अल्पमुदतीच्या भाड्याचे नियम आणि घरात स्वतः राहणारा मालक

खाडीकाठ (नेरूळ)

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर या वर्षी एक ठराव आहे. अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी कोणत्याही सभासदाने आपली सदनिका किंवा तिचा कोणताही भाग कोणालाही वापरण्यास देऊ नये आणि दिल्यास दररोजच्या हिशेबाने दंड भरावा, असे त्यात म्हटले आहे. ठरावाचे कारण मला ठाऊक आहे आणि त्यामागचा त्रास खरा आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले, तेव्हा नेरूळ आणि आसपासच्या हॉटेलांचे दर कुठल्या कुठे गेले. त्यानंतर आमच्या इमारतीतील काही सदनिका, ज्यांचे मालक येथे कधीच राहिलेले नाहीत, रात्रीच्या दराने दिल्या जाऊ लागल्या. किल्ली दाराशेजारच्या आकडी कुलपाच्या पेटीत ठेवलेली असते, दर शनिवारी नवे चेहरे येतात, वॉचमनला कोण आले ते कळत नाही आणि तक्रार करायची तर मालकाचा फोन लागत नाही. आता विमानतळही झाला आहे, त्यामुळे हे प्रकार कमी होण्याची शक्यता दिसत नाही.

परंतु या ठरावाच्या शब्दांत मीही येते. पतीच्या निधनानंतर तीन खोल्यांच्या घरात मी एकटी राहते. स्वतंत्र न्हाणीघर असलेली एक खोली मी आठवडाभर, कधी महिनाभर पाहुण्यांना देते. स्पर्धा परीक्षेला आलेली मुलगी, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नव्याने रुजू झालेला आणि घर शोधत असलेला तरुण, अशी माणसे येतात. दार मी उघडते, ओळखपत्र मी पाहते आणि रात्री दहानंतर आवाज झाला तर तो बंद करायला मीच घरात असते. शेजाऱ्यांना त्रास झालाच, तर त्याची पहिली झळ मला लागते. माझ्या मते अल्पमुदतीच्या भाड्याबद्दल कोणताही नियम करताना सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न मुदतीचा नाही. पाहुणा असताना मालक त्या घरात राहतो की नाही, हा तो प्रश्न आहे.

सध्याचा कायदा काय म्हणतो, हे मी जमेल तेवढे वाचले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे, पण महाराष्ट्रात ती चुकीची आहे. आता हे कलम शब्दशः वाचले, तर तीन रात्रींसाठी आलेल्या पाहुण्याचाही करार करून, अंगठ्याचे ठसे घेऊन, महापालिका हद्दीतील हजार रुपये नोंदणी शुल्क भरावे लागेल. कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर महिनोन् महिने राहणारा माणूस होता, हे उघड आहे.

दुसऱ्या बाजूला पर्यटन खात्याच्या योजना आहेत. केंद्राच्या न्याहारी-निवास (बेड अँड ब्रेकफास्ट) योजनेत एक ते सहा खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटा, पाहुण्यांना देता येतात आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे ही अट आहे. राज्यातही महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने (एमटीडीसी) न्याहारी-निवास योजना राबवली आहे. याचा अर्थ मालक घरात असणे आणि नसणे यांतला फरक शासनाने फार पूर्वीच मान्य केलेला आहे. मग संस्थेच्या ठरावात तो का येऊ नये?

सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. तोपर्यंत मला पर्यायी मजकूर द्यायचा आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील सभासदांचे अनुभव, विशेषतः माझ्या विरुद्ध मत असणाऱ्यांचे, वाचायला आवडतील.

सचिव_सीवूड्स

ताई, आपला मुद्दा समजला, तरीही मी आपल्या संस्थेच्या कमिटीची बाजू मांडतो, कारण मी तेच काम गेली काही वर्षे करत आहे.

मालक घरात राहतो की नाही हे ठरवायचे कोणी? आमच्याकडे एका सभासदाने मीही येथेच राहतो असे लेखी दिले. प्रत्यक्षात त्यांचे कुटुंब पुण्यात होते आणि ते महिन्यातून एकदा येऊन टपाल घेऊन जात. कमिटीचे सदस्य नोकरी सांभाळून, बिनपगारी हे काम करतात. कोणाच्या घरात कोण झोपले आहे हे पाहण्याचा त्यांना अधिकारही नाही आणि वेळही नाही. मजकूर जितका बारकाव्याचा होतो तितक्या पळवाटा वाढतात, आणि सरसकट बंदी असली की वाद उरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाने दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला आपली सदनिका लिव्ह अँड लायसन्सने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. शनिवारी सकाळी मोबाइलवर खोली घेऊन संध्याकाळी येणाऱ्याबद्दल आठ दिवस आधी कसे कळवणार? शिवाय पोलीस आयुक्तालये वेळोवेळी मनाई आदेश काढून भाडेकरूंची माहिती ठाण्यात देणे बंधनकारक करतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. काही अघटित घडले की पोलीस प्रथम गेटवर येतात आणि सेक्रेटरीला बोलावतात, घर ज्याचे आहे तो तेव्हा दुबईत असतो.

मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हा संस्था जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्याचेही तेच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर मर्यादित केले. सेवा शुल्क महिना दोन हजार असेल तर संस्थेला मिळतात दोनशे रुपये. लिफ्ट, पाणी, सुरक्षा यांवर पडणारा बोजा त्यातून भरून निघत नाही. मग संस्थेच्या हातात उरते काय?

उत्सव_चौक (खारघर)

मी खारघरला राहते, आणि या चर्चेत पर्यटक हा शब्द वारंवार येईल असे दिसते, म्हणून आमच्याकडील पाहुणे कोण असतात ते सविस्तर लिहिते.

टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे रुग्णालय आणि संशोधन केंद्र येथे आहे. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाडा अशा ठिकाणांहून कर्करोगाचे रुग्ण येथे येतात. रेडिओथेरपी आठवड्यातून पाच दिवस अशी कित्येक आठवडे चालते. केमोथेरपीसाठी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि दोन फेऱ्यांच्या मधे घरी जाऊन येण्याची ताकद रुग्णात असतेच असे नाही. रुग्णासोबत एक-दोन माणसे असतात. त्यांना हॉटेलचा दर परवडत नाही, धर्मशाळांमध्ये जागा मिळेलच याची खात्री नसते आणि अकरा महिन्यांचे घर त्यांना नको असते, त्याची अनामत रक्कमही त्यांच्याकडे नसते. त्यांना सहा-सात आठवड्यांसाठी एक स्वच्छ खोली, गॅसची शेगडी आणि लिफ्ट हवी असते, कारण जिना चढवत नाही.

अशी माणसे आम्ही ठेवतो. माझे आईवडील त्याच घरात राहतात. आईने कित्येकांना मऊ भात करून घातला आहे. आमच्या शेजारच्या संस्थेने आपल्या ताईंच्या संस्थेपुढील ठरावासारखाच ठराव केल्यावर तेथील तीन-चार घरांतील अशी व्यवस्था बंद झाली. त्या रुग्णांपैकी काही जण दुप्पट पैसे देऊन एजंटाने चालवलेल्या सदनिकेत गेले, जेथे प्रत्येक खोलीत एक कुटुंब आणि सर्वांत मिळून एक संडास. सेक्रेटरी साहेब, बंदी आली की वाद उरत नाही असे आपण म्हणता. वाद उरत नाही हे खरे, पण गरज उरते, आणि मग ती भागवायला असे लोक पुढे येतात, ज्यांना नियम मोडण्याची भीती वाटत नाही. नियम पाळणारे माझ्या आईवडिलांसारखे लोक पहिल्याच नोटिशीला थांबतात.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, नातेवाईक थकलेले असतात, गेटवर रोज नवीन वॉचमन आधार कार्डाची झेरॉक्स मागतो आणि ती वहीत उघडी पडून राहते. नोंद हवीच, पण ती एकदाच घ्यावी आणि शेवटचे चार अंक दिसणारे, बाकी झाकलेले आधार पुरेसे मानावे.

गावठाण_घणसोली

या चर्चेत सदनिका आणि संस्था यांच्याबद्दलच बोलले जात आहे, म्हणून गावठाणाची बाजू मांडतो.

नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन गेली. हे शहर वसवणारे शासकीय महामंडळ सिडको १९७० साली स्थापन झाले, जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात आंदोलन झाले, पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्यांच्या हातात भातशेती आणि मिठागरे होती, त्यांच्या पुढच्या पिढीला उत्पन्नाचे जे साधन राहिले त्यात घराच्या वरच्या मजल्यावरील खोल्यांचे भाडे हे मोठे साधन आहे. तळमजल्यावर आम्ही राहतो, वर भाडेकरू राहतात. येथे मालक घरात असतो की नाही हे कोणाला विचारावे लागत नाही, सारी आळी एकमेकांना ओळखते.

अडचण अशी की आमची पुष्कळ घरे गरजेपोटी बांधलेली आहेत. कुटुंब वाढले, गावठाणाची हद्द वाढली नाही, म्हणून मुलांसाठी वर मजले चढले. त्या घरांना मंजूर नकाशा नाही आणि भोगवटा प्रमाणपत्र नाही. ती नियमित करण्याबद्दल शासनाचे निर्णय निघत आले, पण प्रत्येक घरापर्यंत ते पोहोचलेले नाहीत. उद्या महापालिकेने अल्पमुदतीच्या भाड्यासाठी नोंदणी सक्तीची केली आणि अर्जासोबत भोगवटा प्रमाणपत्र मागितले, तर नोंदणी कोणाची होईल? बाहेर राहून टॉवरमध्ये चार सदनिका घेतलेल्या गुंतवणूकदाराची होईल, कारण त्याचे कागद पूर्ण आहेत. ज्याची जमीन घेऊन हे शहर बसवले तो बेकायदा ठरेल. खाडीकाठ ताईंनी मालक घरात राहतो का हा प्रश्न पुढे ठेवला आहे, तो आम्हाला मान्य आहे. राहण्याचा पुरावा म्हणून मतदार यादी, वीजबिल, मालमत्ता कराची पावती धरावी. बांधकामाच्या नियमिततेचा प्रश्न वेगळा आहे, तो भाड्याच्या नोंदणीत मिसळू नये. इमारतीची आणि विजेच्या जोडणीची सुरक्षितता मात्र अवश्य तपासावी, त्याला आमचा विरोध नाही. आमचीच मुले त्या घरात झोपतात.

येऊर_पायथा (ठाणे)

ठाण्यातून थोडक्यात. येऊरच्या बंगल्यांत काय चालते हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. येऊरला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे क्षेत्र २०१६ मध्ये पर्यावरण-संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले, तेथे आदिवासी पाडे आहेत, बिबट्याचा वावर आहे, आणि तरीही शनिवार-रविवारी बंगले पार्ट्यांना दिले जातात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा असे ते सांगतात. नियम नाहीत म्हणून त्रास आहे असे नाही. रात्री बारा वाजता बंगल्यावर जबाबदार माणूस सापडत नाही म्हणून त्रास आहे. जे मालक स्वतः तेथे राहतात त्यांच्याकडे असा गोंगाट मी ऐकलेला नाही. खाडीकाठ यांच्या मुद्द्याला हा माझा पाठिंबा समजावा.

कर_आणि_कागद

ठरावात काहीही होवो, खोली देणाऱ्यांनी कराची बाजू समजून घ्यावी, कारण तेथे घरात राहणारा मालक आणि व्यावसायिक यांच्यातला फरक पुसट होतो.

राहण्यासाठी दीर्घ मुदतीने दिलेल्या निवासी घराच्या भाड्यावर, भाडेकरू नोंदणीकृत व्यावसायिक नसेल तर, जीएसटी लागत नाही. रात्रीच्या दराने दिलेली खोली मात्र हॉटेल आणि गेस्ट हाऊस यांच्या वर्गात जाते. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली सूट १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली, म्हणजे अगदी साध्या खोल्याही कराच्या कक्षेत आल्या. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. आपली वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असली आणि आपण नोंदणी केलेली नसली, तरी पाहुणा खोल्या नोंदवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावरून आला असेल तर कर तो मंच भरतो आणि पाहुण्याकडून घेतो. स्वतःच्या ओळखीने पाहुणे घेणाऱ्या छोट्या मालकाला मर्यादेखाली असेपर्यंत हे लागू होत नाही.

प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते. चादरी बदलणे, न्याहारी देणे, रोज साफसफाई करणे अशा सेवा दिल्या की ते उत्पन्न व्यवसायाचे धरले जाऊ शकते. मग ती वजावट मिळत नाही, प्रत्यक्ष खर्च पावत्यांसह दाखवावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांनी पावत्या जपून ठेवाव्यात.

परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या आगमनाची माहिती शासनाला देणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) चोवीस तासांत भरणे विसरू नये. तो नियम मोठ्या हॉटेलांइतकाच एका खोलीच्या घरालाही लागू आहे.

क्वीन्समधून_ठाणेकर

मी मूळची नौपाड्याची, सध्या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. येथे झालेल्या नियमांचा घरात राहणाऱ्या मालकांवर काय परिणाम झाला हे जवळून पाहते, म्हणून लिहिते.

न्यूयॉर्कचा ‘लोकल लॉ १८’ हा कायदा सप्टेंबर २०२३ पासून प्रत्यक्ष अमलात आला. सलग तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर मालकाने महापालिकेकडे नोंदणी करावी, पाहुणे असताना स्वतः घरात राहावे, एका वेळी दोनपेक्षा जास्त पाहुणे ठेवू नयेत आणि पाहुण्यांना घराचे सर्व भाग खुले असावेत, म्हणजे आतल्या दारांना कुलपे नसावीत. नोंदणी क्रमांक नसेल तर ऑनलाइन मंचाला व्यवहार करता येत नाही. हेतू चांगला होता, एकेका माणसाने डझनावारी सदनिका अशा वापरात गुंतवल्या होत्या आणि शहरात भाड्याची घरे मिळत नव्हती. त्या व्यावसायिकांना चाप बसला हे मान्य करावे लागेल. पण येथे पुष्कळ कुटुंबांची एक-दोन घरांची छोटी इमारत असते, खाली स्वतः राहतात आणि वरचा मजला देऊन बँकेचा हप्ता भरतात. त्यांच्या दृष्टीने वरचा मजला म्हणजे स्वतंत्र घर, आणि कायद्याच्या दृष्टीने मालक त्या घरात राहत नाही. त्यातले बरेच जण बाहेर पडले आणि या अटी सैल कराव्यात म्हणून नगरपरिषदेकडे दाद मागत राहिले. गावठाण_घणसोली यांनी सांगितलेली खाली मालक, वर भाडेकरू अशी घरे याच फटीत सापडतील. म्हणून मालक राहतो तेच घर असे लिहिण्याऐवजी मालक राहतो तीच इमारत किंवा तोच भूखंड असे लिहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

इतर शहरांनी निराळे मार्ग काढले आहेत. लंडनमध्ये वर्षाला नव्वद रात्रींची आणि ॲमस्टरडॅममध्ये तीस रात्रींची मर्यादा ठेवली. बार्सिलोनाने १०,१०१ पर्यटक सदनिकांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपुष्टात आणण्याचे जाहीर केले. आपल्या चर्चेला सर्वांत जवळचा मला स्पेनचा एप्रिल २०२५ चा बदल वाटतो. त्यानुसार इमारतीत नवी पर्यटक सदनिका सुरू करायची तर मालकांच्या समुदायाची तीन-पंचमांश बहुमताने मान्यता लागते, मात्र आधीपासून कायदेशीरपणे चालू असलेल्यांना ती अट लागू नाही. शेजाऱ्यांना मत आहे आणि आधीच्या माणसावर घाला नाही, हे दोन्ही त्यात साधले आहे.

खाडीकाठ (नेरूळ)

सर्वांचे मनापासून आभार. सचिव साहेबांचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मजकूर राबवायचा त्यांच्यासारख्यांनाच आहे. मालक घरात आहे हे कमिटीने शोधून काढावे अशी माझी अपेक्षा नाही. ते सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. गावठाणातील दादांनी सांगितलेले पुरावे आणि उत्सव_चौक ताईंनी सांगितलेली रुग्णांची गरज लक्षात घेऊन मी असा मजकूर केला आहे:

“सभासद अथवा त्याचे कुटुंबीय ज्या इमारतीत प्रत्यक्ष राहतात, त्या इमारतीतील त्यांच्या सदनिकेचा भाग किंवा लगतची सदनिका अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी देता येईल. सभासदाने वर्षातून एकदा मतदार यादीतील नोंद आणि वीजबिल यांची प्रत संस्थेस द्यावी. पाहुण्याचे नाव, संपर्क क्रमांक आणि राहण्याचा कालावधी आगमनापूर्वी संस्थेस लेखी किंवा ई-मेलने कळवावा आणि पोलिसांना द्यावयाची माहिती स्वतः द्यावी. पाहुणा असताना सभासद किंवा कुटुंबातील एक प्रौढ व्यक्ती रात्री इमारतीत उपस्थित असावी. उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांचे सोबती यांस मुदतीचे बंधन नसावे. इमारतीत न राहणाऱ्या सभासदास अकरा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने सदनिका देता येणार नाही.”

बिनभोगवटा शुल्काबद्दल मी त्यात काही लिहिलेले नाही. मालक स्वतः राहत असताना ते शुल्क आकारणे मुळातच बसत नाही. परंतु पाहुण्यांमुळे पाण्याचा आणि लिफ्टचा वापर वाढतो हे मला मान्य आहे. सर्वसाधारण सभेने त्यासाठी वाजवी रक्कम ठरवली तर मी ती देईन.

सचिव_सीवूड्स

मजकूर माझ्या अपेक्षेपेक्षा राबवण्याजोगा आहे. पुराव्याचा भार सभासदावर टाकल्याने माझी अर्धी अडचण दूर होते. दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली, ‘रुग्णांस मुदतीचे बंधन नसावे’ हे वाक्य रुग्णालयाच्या कागदाला जोडावे. उपचाराच्या वेळापत्रकाची किंवा नोंदणीपत्राची पहिल्या पानाची प्रत पुरेशी आहे, आजाराचा तपशील मागू नये. तसे न केल्यास बाहेर राहणारा प्रत्येक मालक आपला पाहुणा रुग्ण असल्याचे सांगेल आणि खऱ्या रुग्णांवर संशय येईल.

दुसरी, लागोपाठ दोन लेखी तक्रारी खऱ्या ठरल्यास त्या सभासदाची सवलत वर्षभर स्थगित राहील असे घालावे, आणि तक्रार खरी आहे की नाही हे ठरवताना त्या सभासदाचे म्हणणे ऐकून घेतले जाईल हेही त्याच वाक्यात असावे. सुनावणीशिवाय केलेली कारवाई सहकारी संस्थांच्या निबंधकांसमोर टिकणार नाही. आदर्श उपविधींशी मजकूर कुठे विसंगत होत नाही ना, हे सभेपूर्वी एखाद्या सहकार क्षेत्रातील वकिलाकडून तपासून घ्यावे. विषयपत्रिका निघालेली असल्याने ही नवी सूचना म्हणून न मांडता मूळ ठरावावरील दुरुस्ती म्हणून सेक्रेटरींना आधी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आमच्या संस्थेची सभाही याच महिन्यात आहे. ताई, आपली हरकत नसल्यास हाच मजकूर मी आमच्याकडे मांडणार आहे.